घटक ३ : गहू आणि निदण – ख्रिस्ती परंपरेतील वाणीस्वातंत्र्य आणि ग्रंथनियंत्रण

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर एका लहानशा दृष्टांताचा अर्थ सुमारे सोळाशे वर्षे कसा बदलत गेला, हे तुम्हांला सांगता यावे. ख्रिस्ती विचारवंतांनी त्याच दृष्टांताच्या आधारे विचारांवर बंदी घातली आणि बंदीला विरोधही केला. ते कोणत्या युक्तिवादांनी, याची मांडणी तुम्हांला करता यावी. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’कडे केवळ भाषेचे सौंदर्य म्हणून न पाहता ग्रंथबंदीच्या काळात जन्मलेला ग्रंथ म्हणूनही पाहता यावे, ही यामागची तिसरी अपेक्षा आहे.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, काही वर्षांपूर्वी एका संपर्कसत्रात मी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला एक दृष्टांत वर्गाला सांगितला. एक माणूस शेतात चांगले बी पेरतो. रात्री सगळे झोपलेले असताना त्याचा शत्रू येतो आणि गव्हात तण पेरून जातो. पीक वाढू लागते तसे तणही दिसू लागते. नोकर मालकाला विचारतात, ‘आम्ही जाऊन ते उपटून काढू का?’ मालक नको म्हणतो. तण उपटताना गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, मग कापणाऱ्यांना सांगून तण वेगळे करता येईल, असे तो सांगतो.

मागच्या बाकावर बसलेले, चाळिशी ओलांडलेले एक शेतकरी विद्यार्थी हसले. “सर, निंदणी करू नका असं सांगणारा मालक मी जन्मात पाहिला नाही. असा मालक असता तर गाव त्याला आळशी म्हणालं असतं.” वर्ग हसला, मीही हसलो. पण दृष्टांताचे मर्म त्यांनी नेमके पकडले होते. या कथेतला मालक शेतीच्या व्यवहाराविरुद्ध बोलतो, आणि तो तसे का बोलतो हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेला पुढे कधीच टाळता आला नाही. तण म्हणजे चुकीची शिकवण, पाखंड, धर्मविरोधी ग्रंथ असा अर्थ घेतला की हा दृष्टांत थेट वाणीस्वातंत्र्याच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. पाखंडी माणसाला बोलू द्यावे का? त्याचे पुस्तक छापू द्यावे का? आणि ते तणच आहे, हे ठरवायचे कोणी?

३.३ शब्दांकडे एक नजर

मराठी बायबलमध्ये या तणासाठी ‘निदण’ असा शब्द आला आहे. मूळ ग्रीक शब्द ‘झिझानिया’. गव्हाच्या शेतात उगवणारे हे गवत कोवळेपणी गव्हासारखेच दिसते. ओंबी धरल्यावरच दोहोंतला फरक कळतो. म्हणजे कथेतल्या मालकाची भीती निराधार नाही. रोपे सारखी दिसतात आणि मुळे एकमेकांत गुंतलेली असतात.

आपल्या भाषेत ‘निंदणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. एक तण काढणे, दुसरा निंदा करणे, दोष देणे. हे दोन वेगळे शब्द आहेत, केवळ उच्चाराने एकत्र आलेले. तण काढणाऱ्याला संस्कृतात ‘निर्दातृ’ म्हणत. निंदा या शब्दाचे मूळ ‘निन्द्’ या धातूत आहे. व्युत्पत्ती वेगळी असली तरी या योगायोगाने आपले काम सोपे होते, कारण इतिहासात ज्यांनी ज्यांनी दुसऱ्याची वाणी निंदनीय ठरवली, त्यांनी आपण केवळ निंदणी करत आहोत असेच सांगितले.

ही प्रतिमा केवळ ख्रिस्ती नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाला हीच उपमा दिली आहे : तण काढणारा जसे तण उपटतो आणि धान्य राखतो, तसे राजाने राष्ट्राचे रक्षण करावे आणि विरोधकांचा नाश करावा. तिथे निंदणी हे राजाचे कर्तव्य आहे. मत्तयाच्या दृष्टांतात मालक नोकरांचा हात धरतो. एकच प्रतिमा दोन ग्रंथांत दोन विरुद्ध दिशांना वळते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्यासारखे आहे.

दुसरा शब्द आहे ‘पारेसिया’. ‘सर्व’ आणि ‘बोलणे’ या अर्थांच्या दोन ग्रीक घटकांपासून तो बनला. काहीही न लपवता, न भिता, मोकळेपणाने बोलणे असा त्याचा आशय. अथेन्सच्या नागरिकाला या गुणाचा अभिमान असे. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात हाच शब्द पेत्र आणि योहान यांच्या संदर्भात येतो. यरुशलेमच्या धर्मसभेने त्यांना येशूच्या नावाने काहीही बोलायचे नाही, शिकवायचे नाही, असे बजावले. त्यांनी ते मानले नाही. सुटून आल्यावर शिष्यांनी प्रार्थना केली ती संरक्षणासाठी नव्हे, तर बोलण्याच्या धैर्यासाठी. म्हणजे ख्रिस्ती मंडळीची सुरुवातीची एक मोठी आठवण बोलण्यावर घातलेल्या बंदीची आहे, आणि ती बंदी मोडणाऱ्या माणसांची आहे.

३.४ दुर्बळ असताना आणि प्रबळ झाल्यावर

चौथ्या शतकात रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्माला आधी मान्यता दिली आणि मग राजधर्माचे स्थान दिले. ज्यांची पुस्तके कालपर्यंत जाळली जात होती, त्यांच्या हातात आता जाळण्याचा अधिकार आला. हा बदल एका वाक्यात दाखवायचा तर योहान क्रिसोस्तोम या थोर वक्त्याकडे जावे लागते. मत्तयावरील आपल्या प्रवचनांत निदणाच्या दृष्टांताचा अर्थ सांगताना तो म्हणतो की, प्रभूने पाखंड्यांना ठार मारण्यास मनाई केली आहे. पण त्यांना आवरणे, त्यांची तोंडे बंद करणे, त्यांच्या सभा मोडणे याला मनाई नाही. त्यांची जी गोष्ट छाटून टाकावी असे तो सांगतो, तिच्यासाठी त्याने शब्द वापरला आहे ‘पारेसिया’.

शब्द तोच आहे. प्रेषितांनी प्रार्थना करून जे मागितले, तेच आता दुसऱ्याकडून काढून घ्यायचे होते. या क्रिसोस्तोमलाच पुढे राजदरबाराला बोचणाऱ्या प्रवचनांमुळे कॉन्स्टँटिनोपलहून हद्दपार व्हावे लागले आणि ४०७ मध्ये हद्दपारीतच त्याचा अंत झाला. इतिहासाला उपरोध शिकवावा लागत नाही.

ऑगस्टीनची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, कारण त्याने आपले मत बदलले आणि बदलल्याचे मान्यही केले. उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट पंथीयांशी त्याचा वाद चालू होता. पवित्र माणसांचीच मंडळी हवी, असे म्हणणाऱ्या डोनाटिस्टांना त्याने निदणाचाच दृष्टांत ऐकवला : शेत म्हणजे जग आहे, आणि कापणीपर्यंत गहू आणि निदण एकत्रच राहणार. कोणालाही बळाने ऐक्यात आणू नये, शब्दांनीच काम करावे, असे तो प्रारंभी म्हणत असे. नंतर सम्राटाच्या कायद्यांच्या धाकाने स्वतःच्या गावातले लोक डोनाटिस्ट पंथ सोडून आलेले त्याने पाहिले आणि त्याचे मन वळले. मेजवानीच्या दृष्टांतात यजमान नोकरांना रस्त्यावरच्या लोकांना आग्रहाने आत आणायला सांगतो. तो आग्रह ऑगस्टीनने बळाच्या अर्थाने घेतला. हेतू वाईट नव्हता. पण या एका अर्थनिर्णयाचा आधार पुढच्या हजार वर्षांत कितीजणांनी घेतला, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने हा अर्थ तर्काच्या साच्यात बसवला. गहू उपटला जाण्याची भीती असेल तर थांबावे. ती भीती नसेल, निदण नेमके ओळखता येत असेल, तर कठोर व्हावे. मालकाने दिलेले कारणच इथे पळवाट बनले. ‘मला ओळखता येते’ असे म्हणणाऱ्याला आता कोणतीही आडकाठी उरली नाही.

३.५ छापखाना, यादी आणि मिल्टन

हस्तलिखित एकेक करून जप्त करता येते. छापील पुस्तकाचे तसे नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर युरोपात मुद्रण पसरले आणि सोळाव्या शतकात धर्मसुधारणेचे वादळ उठले, तेव्हा नियंत्रणाचे तंत्रही बदलले. १५५९ मध्ये पोप चौथा पॉल याच्या काळात निषिद्ध ग्रंथांची पहिली रोमन यादी निघाली. प्रोटेस्टंट देशही मागे नव्हते. विल्यम टिंडेलचा इंग्रजी नवा करार १५२६ मध्ये लंडनमध्ये जाळला गेला तो कॅथलिक सत्तेकडून. पण १५५३ मध्ये जिनिव्हात मायकेल सर्व्हेटसला जिवंत जाळले ते कॅल्व्हिनच्या शहराने. त्या घटनेनंतर सेबास्टियन कास्टेलिओ या विद्वानाने विचारले की, एखाद्या माणसाला मारल्याने सिद्धान्ताचे रक्षण कसे होते? त्याच्या मते, त्यातून घडते ते फक्त एका माणसाचे मरण. कास्टेलिओ त्या काळी जवळजवळ एकटा होता.

आता इंग्लंडमधील १६४४ या वर्षाकडे वळू. राजा आणि संसद यांच्यात युद्ध पेटलेले होते. संसदेने १६४३ च्या जूनमध्ये आदेश काढला की, परवानगीशिवाय कोणतेही पुस्तक छापायचे नाही. हा आदेश काढणारे स्वतः राजाच्या नियंत्रणाखाली भरडले गेलेले प्युरिटन होते. जॉन मिल्टनने घटस्फोटावर लिहिलेली पुस्तिका परवानगीविना छापली होती आणि धर्मोपदेशक तिच्यावर तुटून पडले होते. त्याने १६४४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘अरिओपाजिटिका’ हे निबंधरूप भाषण प्रसिद्ध केले, तेही परवानगीविना.

नावाकडे लक्ष द्या. अथेन्समधील अरिओपागस ही न्यायसभा. ग्रीक वक्ता आयसोक्रेटिसचे त्याच नावाचे भाषण होते. पण बायबल वाचणाऱ्याला तिथे उभा राहून परक्या लोकांशी त्यांच्याच कवींचा हवाला देत बोलणारा पौलही आठवतो. हे नाव निवडतानाच मिल्टनने आपली बाजू मांडली होती : ख्रिस्ती माणूस परधर्मीयांचे ग्रंथ वाचतो, त्यांच्यातले वाक्य उचलतो, आणि त्याने त्याचे काही बिघडत नाही.

त्याचे युक्तिवाद तुम्ही मुळातून वाचावेत. इथे त्यांतील तीनच सांगतो. पहिला इतिहासाचा. पुस्तकाला आधी परवानगी देण्याची पद्धत ग्रीस-रोमची नाही. ती रोमन धर्मन्यायासनाने काढली, आणि तीच तुम्ही प्रोटेस्टंट होऊन उचलता आहात, असे तो संसदेला सुनावतो. इटलीच्या प्रवासात आपण वृद्ध गॅलिलिओला भेटलो होतो, तो त्या न्यायासनाचा कैदी होता, हे तो सांगतो. दुसरा युक्तिवाद नैतिक आहे. चांगले आणि वाईट यांचे ज्ञान या जगात एकमेकांत मिसळूनच येते. वाईट समोर न येता चांगले निवडणाऱ्याच्या सद्गुणाला काही किंमत नाही. तिसरा तुमच्या-माझ्या अनुभवाचा आहे. परवानगी देणारा माणूस कोण असणार? जो खरा विद्वान आहे तो दिवसरात्र इतरांची हस्तलिखिते चाळण्याचे काम पत्करणार नाही. आणि जो पत्करेल तो त्या योग्यतेचा नसेल. सरकारी कचेरीत फाईल पुढे सरकण्याची वाट पाहिलेल्या कोणालाही हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

आणि मग तो निदणाकडे येतो. गहू आणि निदण वेगळे करणे माणसाच्या आवाक्यातले नाही. ते देवदूतांचे काम आहे आणि ते काळाच्या अंती व्हायचे आहे. अक्वायनसने उघडलेले दार मिल्टन बंद करतो. मालक थांबा म्हणाला ते दयेपोटी नव्हे. नोकरांना निदण ओळखता येत नाही म्हणून, असे त्याचे वाचन आहे. इफिसच्या लोकांनी जादूटोण्याची पुस्तके जाळली होती, त्याचाही दाखला बंदीवाले देत. मिल्टनचे उत्तर असे की, त्यांनी पश्चात्तापाने स्वतःची पुस्तके जाळली. कोणा अधिकाऱ्याने दुसऱ्याची नव्हे.

इथपर्यंत वाचून तुम्ही मिल्टनच्या प्रेमात पडला असाल तर थोडे थांबा. त्याचा विरोध छापण्यापूर्वीच्या परवानगीला होता. पुस्तक निघाल्यावर ते घातक ठरले तर ते जाळावे आणि संबंधितांना शिक्षा व्हावी, याला त्याची हरकत नव्हती. त्याच्या सहिष्णुतेत रोमन कॅथलिकांना जागा नव्हती, हे तो स्पष्टच सांगतो. पुढे १६५१ च्या सुमारास तो स्वतःच एका सरकारी वृत्तपत्राचा परवाना-अधिकारी झाला. राजसत्ता परत आल्यावर १६६० मध्ये त्याची पुस्तके जल्लादाच्या हाताने जाळली गेली. माझ्या मते मिल्टनला पुतळा न करता माणूस म्हणून वाचण्यात अधिक लाभ आहे. निदण कोण हे ठरवता येत नाही असे सांगणाऱ्यालाही एक निदण मात्र पक्के ठाऊक होते.

१६४४ मध्येच लंडनमध्ये रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाचे पुस्तक निघाले आणि संसदेच्या हुकमाने जाळले गेले. मॅसॅच्युसेट्समधून हाकलला गेलेला हा माणूस निदणाच्या दृष्टांताचा अर्थ शेवटापर्यंत नेतो. शेत म्हणजे मंडळी नव्हे, जग. म्हणून त्या जगात कॅथलिक, यहुदी, तुर्क, मूर्तिपूजक या साऱ्यांना आपापल्या सद्सद्विवेकाप्रमाणे राहू द्यावे. राज्यकर्त्याच्या तलवारीला आत्म्याच्या शेतात काम नाही. विल्यम्सला त्या सर्व मतांचा तिटकारा होता, हे विसरू नका. ती मते खोटी आहेत असे तो मानत होता, आणि तरीही हा अधिकार मागत होता. मिल्टनपेक्षा तो कमी वाचला जातो, कारण त्याचे गद्य खडबडीत आहे. पण त्याने आपल्याला न आवडणाऱ्या माणसासाठी जागा ठेवली.

३.६ राशोलचा छापखाना

आता आपण गोव्यात येऊ, आणि येताना एका इंग्रज माणसाबरोबर येऊ. थॉमस स्टीफन्स यांचे तारुण्य एलिझाबेथ राणीच्या काळातील इंग्लंडमध्ये कॅथलिक म्हणून जगू पाहणाऱ्यांत गेले. त्या देशात कॅथलिक पुस्तके बेकायदेशीर होती. त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांनी श्रद्धेपायी आयुष्याचा मोठा भाग तुरुंगात काढला. स्टीफन्स रोमला निसटले, येशू संघात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. मिल्टनने ज्यांना सहिष्णुतेतून वगळले त्या कॅथलिकांपैकी ते एक होते. दडपलेल्या समाजातून निघालेला हा माणूस जिथे आला, तिथे त्याचा धर्म दडपणारा होता.

गोव्यात १५५६ मध्ये मुद्रणयंत्र आले. भारतातील ते पहिले. १५६० मध्ये धर्मन्यायासन स्थापन झाले. हिंदूंची धर्मपुस्तके बाळगणे संशयास्पद ठरले, ती जप्त होऊ लागली. एक विलक्षण गोष्ट इथे नोंदवायला हवी. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात कोकणी व मराठीतील पौराणिक कथांची रोमन लिपीत उतरवलेली जुनी हस्तलिखिते सापडली. धर्मोपदेशकांनी भाषा शिकण्यासाठी आणि प्रतिवाद करण्यासाठी ही वाङ्मयसामग्री अभ्यासली होती. आपल्या घरांतून जे नाहीसे झाले, त्याचा काही अंश त्यांच्या कपाटात उरला. बंदी घालणारा हा बहुधा सर्वांत काळजीपूर्वक वाचणारा वाचक असतो.

‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ धर्मन्यायासन आणि धर्माध्यक्ष यांच्या परवानगीने निघाला, हे त्याच्या शीर्षकपृष्ठावर नोंदवलेले होते. मराठीच्या स्तुतीच्या त्यातील ओव्या तुम्ही मागील वर्षांत अभ्यासल्या असतील. पण पहिल्याच अध्यायातील एका प्रसंगाकडे आपल्या पाठ्यपुस्तकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, तुम्ही आमची पूर्वीची पुराणे वाचायला मना केली, मग त्यांच्या जागी वाचण्यासारखे दुसरे पुराण तरी आम्हांला का देत नाही? या प्रश्नातून ग्रंथाची निर्मिती झाली, असे कवी सांगतो.

या प्रश्नाचा सूर नीट ऐका. तो तक्रारीचा आहे, पण नम्र तक्रारीचा. तो बंदीला आव्हान देत नाही. बंदीने निर्माण केलेली पोकळी दाखवतो. संध्याकाळी दिव्याजवळ बसून पुराण ऐकण्याची सवय असलेल्या माणसाच्या घरात अचानक शांतता झाली आहे. स्टीफन्स यांनी ती शांतता ऐकली, हे त्यांचे मोठेपण. ती ज्या यंत्रणेने निर्माण केली तिचे ते स्वतः एक भाग होते, हेही तितकेच खरे. ओवी हा छंद, पुराण हा प्रकार, वैकुंठासारखी शब्दसंपदा ही सर्व त्यांनी जप्त झालेल्या परंपरेतूनच घेतली. ज्या शेतातले पीक निदण म्हणून उपटले गेले, त्याच शेताच्या मातीत त्यांनी पेरणी केली. ‘क्रिस्तपुराण’ हे मराठीचे भूषण आहे आणि एका बंदीचे अपत्यही आहे; या दोन विधानांपैकी एकच निवडण्याचा आग्रह मी तुम्हांला करणार नाही.

ग्रंथाच्या १६४९ आणि १६५४ मध्येही आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही जुन्या मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या आधाराने. १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा रोमन लिपीत छापला गेला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली.

आणि मग १६८४ हे वर्ष येते. व्हाइसरॉय काउंट आल्व्होर याने फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या मागणीवरून फर्मान काढले की, लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली गेली. ‘क्रिस्तपुराण’ छापल्याला अवघी अडुसष्ट वर्षे झाली होती. आधी पुराणे निषिद्ध झाली, मग ज्या भाषेत त्यांची जागा भरून काढली ती भाषाही. इथे कोणत्याही एका पुस्तकातील चुकीच्या मताचा प्रश्न नव्हता. भाषाशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा सर्वांत गंभीर टप्पा वाटतो. मत बदलता येते, पुस्तक लपवता येते. बोलणेच निषिद्ध झाले तर माणसाने उपासना, भांडण, अंगाई कशात करायची? फर्मानाची अंमलबजावणी त्या मुदतीत होणे शक्यच नव्हते आणि लोक आपल्या भाषेत बोलतच राहिले. पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील छपाई बंद पडली ती १८२१ पर्यंत सुरू झाली नाही. धर्मन्यायासन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. या काळाच्या अभ्यासासाठी आपण सर्वजण अ. का. प्रियोळकर यांचे ऋणी आहोत.

३.७ चौपाटीवरील वाद

मुंबईचे चित्र वेगळे होते. इथे बंदीचा पहिला फटका धर्मोपदेशकांनाच बसला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्यास सांगितले. धर्मोपदेशाने लोक बिथरतील आणि व्यापार धोक्यात येईल, ही सरकारची भीती. हॉलने गव्हर्नरला केलेल्या विनवणीत ख्रिस्ताच्या आज्ञेचा हवाला दिला. पेत्र-योहानांचा तो जुना पवित्रा पुन्हा आला. पुढे १८३५ मध्ये मेटकाफच्या काळात मुद्रणावरील परवान्याची बंधने उठली.

उत्तरासाठी आता लोकांच्याही हातात छापखाना होता. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा १८३१ मधील जाहीर वाद पुस्तकांत उतरला. दांडेकरांनी हिंदू धर्माच्या समर्थनार्थ लिहिले, विल्सनने प्रत्युत्तर लिहिले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत आणि गर्दी ऐकत असे. जॉर्ज बोवेन यांनी त्याचा वृत्तान्त इंग्रजीत प्रसिद्ध केला, तर मराठीत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ पुढे निघाले. दोन्ही वाचले तर एकाच संध्याकाळच्या दोन वेगळ्या संध्याकाळी होतात. आपापला वक्ता जिंकला असेच प्रत्येकाला वाटते. ही भाषा नेहमी सभ्य नव्हती. पण गोव्यात ज्याची पुराणे जप्त झाली तो नम्रपणे दुसरे पुराण मागत होता, आणि इथे विष्णुबुवा वाळूत उभे राहून उलट प्रश्न विचारत होते. फरक धर्मात नव्हता. उत्तर देण्याची मुभा होती की नव्हती, यात होता.

३.८ यादीचा शेवट

रोमन चर्चने आपली भूमिका विसाव्या शतकात बदलली. चुकीच्या मताला अधिकार नसतो, हा जुना सिद्धान्त होता. जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन जेझुइटाने असे मांडले की, अधिकार मताला नसतोच. तो माणसाला असतो. १९५० च्या दशकात वरिष्ठांनी त्याला या विषयावर लिहिणे थांबवायला सांगितले. दहा वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या घडणीत त्याचाच मोठा वाटा होता. हा जाहीरनामा डिसेंबर १९६५ मध्ये संमत झाला, आणि निदणाच्या दृष्टांताचा संदर्भ त्यातही आहे. १९६६ च्या जूनमध्ये निषिद्ध ग्रंथांच्या यादीची कायदेशीर सक्ती संपली. चारशे सात वर्षे ती चालली होती.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. क्रिसोस्तोमच्या प्रवचनात आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ‘पारेसिया’ हा शब्द कोणत्या भिन्न हेतूंनी आला आहे, ते स्पष्ट करा.

२. ऑगस्टीन, अक्वायनस, मिल्टन आणि विल्यम्स यांनी निदणाच्या दृष्टांतातील ‘शेत’, ‘नोकर’ आणि ‘कापणी’ यांचे लावलेले अर्थ तुमच्या शब्दांत मांडा. यांपैकी कोणाचा अर्थ मूळ कथेला अधिक जवळचा वाटतो आणि का?

३. ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्या अध्यायातील नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या प्रश्नाचा सूर तुम्हांला कसा वाटतो? या घटकातील माझ्या वाचनाशी तुम्ही सहमत नसाल तर तसे कारणांसह लिहा.

४. तुमच्या गावात, वस्तीत किंवा कुटुंबात एखादे पुस्तक, नाटक, गाणे वा बोलणे ‘आपल्यात चालत नाही’ म्हणून थांबवले गेल्याचे तुम्ही पाहिले असेल. ते कोणी थांबवले, कोणत्या शब्दांत, आणि ज्याला थांबवले त्याने काय केले, याचे दोनशे शब्दांत वर्णन करा. नावे लिहू नका.